स्टड-जर्सीचं दुकान घरातनंच चालू करायचंय, कॉम्प्युटरचं नक्की किती लागतंय?

पेठेतला_लेफ्टबॅक

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, वय २६, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात डिस्पॅचच्या एन्ट्र्या मारतो, पगार सांगण्यासारखा नाय. पेठेच्या बी टीमकडनं चार सीझन खेळलोय (हसू नका, शाहू स्टेडियमवर दोनदा उतरलोय, दोन्ही वेळा शेवटची दहा मिनिटं). आमच्या घराचा पुढचा सोपा रस्त्याला लागून आहे, आजवर तिथं फक्त वडिलांची गाडी आणि आजीची खुर्ची. तिथं फुटबॉलचं सामान ठेवायचं डोक्यात आहे. स्टड (फुटबॉलचे दांड्यांचे बूट), शिनगार्ड, सॉक्स, कीपरचे ग्लोव्ज, बॉल, आणि मंडळांच्या, शाळांच्या जर्सीच्या ऑर्डरी घेऊन बाहेरनं छापून द्यायच्या. भांडवल दोन लाख, त्यात सव्वा लाख माझी आरडी मोडून, उरलेले वडील देणार आहेत आणि रोज एकदा त्याची आठवण करून देणार आहेत.

आता मुद्दा. एकजण ओळखीनं आला, म्हणाला दुकानाचं सॉफ्टवेअर घे, ३८ हजार आणि दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा. त्यात बिलिंग, बारकोड, गिऱ्हाइकाला पॉइंट, मोबाईल अॅप, सगळं क्लाउडवर. डेमो बघताना लय भारी वाटलं, घरी येऊन हिशेब केला तर तेवढ्यात स्टडचे तीस-पस्तीस जोड येतात. माझ्याकडं ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, एमएस-सीआयटी झालंय, एक्सेलमध्ये बेरीज वजाबाकी आणि थोडा व्हीलुकअप जमतो, ऑफिसात तेच करतो. तर एवढ्यावर दुकान चालेल का, का सॉफ्टवेअर घ्यायलाच लागतंय, वेबसाईट पाहिजे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांनी दुकान केलंय त्यांचं कॉम्प्युटर नसल्यानं किंवा असल्यानं नुकसान कुठं झालं तेवढं सांगा. फायदा काय होतो ते तो सॉफ्टवेअरवाला सांगून गेलाय.

---

व्हीनस_कॉर्नर_जुना

भावा, अठरा वर्षं झाली माझ्या दुकानाला, तवा दोन गोष्टी सांगतो, पटलं तर घे.

३८ हजार देऊ नको. निदान पहिलं वर्ष तरी नको. तुझं नुकसान बिलिंगमध्ये होणारच नाय, दिवसाला दहा बिलं तू हातानं बी फाडशील. तुझं नुकसान होणार साईजमध्ये. किराणा दुकानात साखर ही साखर असती, इथं एका मॉडेलचा स्टड म्हणजे सहा-सात वेगळे माल हायत. ५ पासनं ११ पर्यंत. होलसेलवाला पेटी देतो ती त्याच्या सोयीनं भरलेली, त्यातले ७, ८ आणि ९ पंधरा दिवसात जातात, आणि ५ आणि ११ दोन वर्षं तुझ्याकडं बघत बसतात. मग तू परत पेटी मागवतोस, कारण ८ संपलाय. परत ५ आणि ११ येतात. असं करत करत माझ्या माळ्यावर एकदा साठ-सत्तर जोड नुसते ५ आणि ११ चे साठलेवते. दुकान भरलेलं दिसायचं आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जायचं.

हे मला कळाय सात वर्षं लागली, कारण वहीत मी लिहायचो "स्टड ३ जोड, २४००". साईज लिहीतच नव्हतो. धाकटा भाऊ एक दिवस चिडून म्हणाला साईज लिही, तवा एका महिन्यात चित्र दिसलं.

म्हणून एक्सेल बास हाय, पण असं कर. तीन शीट. एक मालाची यादी, त्यात प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक साईजला वेगळी ओळ आणि वेगळा कोड, जसं टीएफ-काळा-०८ (टीएफ म्हणजे बारक्या रबरी गुठळ्यांचा स्टड). दुसरी आवक, तारीख कोड नग खरेदी भाव. तिसरी जावक, तारीख कोड नग विक्री भाव आणि गिऱ्हाइकाचा फोन. शिल्लक ही हातानं टाईप करायचीच नाय, मालाच्या यादीत समइफ्स हा फॉर्म्युला लावून आवकेतनं जावक वजा होऊन आली पाहिजे. ज्या दिवशी तू शिल्लकच्या खान्यात हातानं आकडा मारलास त्या दिवशी शीट मेलं समज. आणि पेटीवाल्याला मोजून सांग, मला ७, ८, ९ जादा पाहिजेत, दोन रुपये वाढवून घे. घेतात की, आकडा दाखवला की घेतात.

दुसरी गोष्ट पुराची. २०१९ ला ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी दुकानात छातीएवढं आलं. माल गेला तो गेला, त्याचं काय एवढं नाय, पण खालच्या ड्रॉवरात उधारीची वही होती. कोणत्या मंडळाकडं किती हे सगळं त्यात. चार दिवसांनी शटर उघडलं तवा वहीचा लगदा झालावता, निळ्या शाईचं पाणी नुसतं. मला आठवत होतं तेवढं मागितलं, निम्म्यांनी दिलं, निम्मे म्हणाले "आमचं कधीच मिटलंय की शेठ". आता रोज रात्री शीट गुगल ड्राईव्हला जातं, राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ४३ फूट होऊ दे नायतर ५३. तुझी पेठ उंचावर हाय म्हणून निवांत राहू नको, लॅपटॉप चहा सांडून बी मरतो.

---

कोथरूडकर_सध्या

मूळचा कोल्हापूरचा, सध्या पुण्यात. स्पष्ट बोलतो, राग नको. स्टड, जर्सी, बॉल सगळं ऑनलाइन मिळतं, एक्सचेंजसकट, मोठ्या ब्रँडची दोन-दोन अॅप आहेत. सोप्यातल्या दुकानात कोण येणार? करायचंच तर स्वतःची वेबसाईट कर, इन्स्टाग्रामवर रील्स टाक, पेठेत बसून पेठेतल्याच शंभर पोरांना विकून किती कमावशील?

---

तांबडी_माती

कोथरूडकर, शाहू स्टेडियमला डर्बी, म्हणजे गावातल्याच दोन टीमची मॅच, असताना येऊन बघा एकदा, शंभर पोरं म्हणताय ते. थंडीत लीग सुरू झाली की इथं पेठापेठातलं शाळकरी पोरगं स्टड मागतंय.

मी तालमीत पोरं घेतो, कुस्तीचं सांगतो पण स्टडला बी तेच लागू. ऑनलाइन बुटाचा नंबर येतो, पाय येत नाय. आमच्या खेड्यातनं आलेल्या पोरांचे पाय अनवाणी वाढलेले, पुढनं पसरट. ८ लांबीला बसतो आणि करंगळीला चावतो. दुकानात घालून, दोन उड्या मारून बघितल्याशिवाय कळत नाय. दुसरं मैदान. ऑनलाइन फोटो बघून पोरं लांब दांड्यांचे एफजी घेतात, ते हिरवळीला, आणि सराव करतात गांधी मैदानासारख्या कडक जमिनीवर. महिन्यात दांडे झिजतात आणि टाचा दुखतात त्या वेगळ्या. त्याला बारक्या रबरी गुठळ्यांचा टीएफ पाहिजे. हे सांगणारा माणूस म्हणजे दुकान, वेबसाईट न्हवं.

लेफ्टबॅक, तुला एक गोष्ट सांगतो, ही कुणी करत नाय. पोरांचे पाय वाढतात. १२-१३ वर्षाच्या पोराला जून महिन्यात घेतलेला बूट पुढच्या उन्हाळ्याला बसतच नाय. तुझ्या जावकेच्या शीटला तारीख, फोन आणि साईज हाय नव्हं, मग त्यात पोराचं वय अजून एक खाना टाक. आठ महिने झाले की फिल्टर लाव, तेवढ्या पालकांना एक मेसेज, "पाय मोजाय या, फुकट". आमच्या इथं कुस्तीच्या बुटाला एकानं असंच केलं, मी त्याच्याकडंच पोरं पाठवतो आता. फक्त ते फोन नंबर कुणाला विकू-बिकू नको, आणि रोज गुड मॉर्निंग पाठवू नको.

---

हिशेबवाली

मी राजारामपुरीत अकाउंट्सची कामं करतो. (कोथरूडकरांसाठी खुलासा, मी बाई आहे, कोल्हापुरात आम्ही "करतो"च म्हणतो.)

कागदाचं थोडक्यात, कारण यावर पोरं विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण पैसे घालवतात. नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर जीएसटी नंबर सक्तीचा नाय, पण महाराष्ट्राबाहेर माल विकायला लागलास की ती सवलत संपली. मोठी ऑर्डर बेळगाव-निपाणीकडनं आली तर हे लक्षात ठेव, आपल्याला ते शेजारचं गाव वाटतं, कायद्याला ते कर्नाटक आहे. पुढं उलाढाल वाढली तर कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीची सोपी योजना) आहे, दीड कोटीपर्यंत, व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का. त्यात परराज्यातनं, जालंधर, मेरठहून खेळाचा माल आणायला आडकाठी नाय, फक्त बाहेरच्या राज्यात विकता येत नाय, खरेदीवरचा टॅक्स परत मिळत नाय आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर टॅक्स लावता येत नाय. शॉप अॅक्टला तुझ्याएवढ्या छोट्या दुकानानं ऑनलाइन नुसतं कळवायचं असतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, तिचे दोन-दोन हजार घेणारे एजंट बसलेत, देऊ नको.

आता कॉम्प्युटरचं. मालाच्या यादीत आत्तापासनंच एचएसएन कोडचा (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा नंबर) खाना ठेव. खेळाचं सामान ९५०६, पण बूट ६४ नं सुरू होणाऱ्या कोडात जातात आणि जर्सी ६१ च्या, म्हणजे एकाच दुकानात तीन प्रकार. २२ सप्टेंबर २०२५ पासनं दर बदललेत, बुटाला जोडीची किंमत २५०० च्या आत आणि वर यावर दर फिरतो. ज्यांनी हा खाना पहिल्यापासनं ठेवलावता त्यांचं काम एका दुपारी झालं. बाकीचे माझ्यासमोर बसून एकेक खोकं बघत होते. बिलाचा नंबर सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच येणारा पाहिजे, मधेच "अ-१, नवीन-१" असलं कायतरी चालत नाय.

आणि यूपीआय. क्यूआर आईच्या नावाच्या खात्याला लावू नको, दुकानासाठी वेगळं करंट खातं काढ. सध्या माझ्याकडं एक केस आहे, त्याच्या स्टेटमेंटला दुकानाची विक्री, भिशी, बहिणीनं पाठवलेले पैसे आणि गणपतीची वर्गणी सगळं एकत्र, वर्षाची साडेतीन हजार ओळी. माझी फी त्याला जास्त वाटते.

---

नंबर_दहा_पाहिजे

जर्सी छापतो, बाहेरच्या दुकानांच्या ऑर्डरी घेतो, त्यामुळं जर्सीचं मी सांगतो आणि मनापासनं सांगतो.

व्हॉट्सअॅपवर नावांची यादी कधीही घेऊ नकोस. कधीच नको. मंडळाचा एक पोरगा ग्रुपवर लिहितो "सचिन ७ एल", त्याच्या खाली कोण तरी "मला बी एल", मधे दोन स्टिकर, मग "माझा एक्सएल कर रे", कोणाचा ते देवाला ठाऊक. मी एकदा २२ जणांची यादी अशी उतरून घेतली, छापली, आणि मैदानावर कळलं की दहा नंबरचे तीन जण आहेत आणि कीपरच नाय. मॅच दुसऱ्या दिवशी. रात्रभर मशीन चालू, कापड माझं, वीज माझी, आणि वर तेच म्हणतात की "तुम्हाला कळायला नको?"

तवापासनं गुगल फॉर्म. पाच प्रश्न, नाव जर्सीवर जसं पाहिजे तसं, नंबर, साईज ड्रॉपडाऊनमधनं, बाही अर्धी का पूर्ण, फोन. उत्तरं आपोआप शीटमध्ये येतात. तिथं नंबरच्या खान्याला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये काउंटइफ लावलंय, तोच नंबर दुसऱ्यांदा आला की लाल. लाल दिसलं की मी कॅप्टनला स्क्रीनशॉट पाठवतो आणि गप बसतो, भांडण त्यांचं ते. ते मिटलं की यादी पीडीएफ करून परत पाठवायची, कॅप्टननं "ओके" लिहिल्याशिवाय मशीन चालू नाय, आणि निम्मे पैसे आधी. फॉर्मला साईज विचारताना नुसतं एम, एल विचारू नको. अंगातल्या आवडत्या टीशर्टची बगलेखालची रुंदी टेपनं मोजून लिहा म्हणायचं, कारण प्रत्येकजण स्वतःला एल समजतो.

मराठी नावाचं अजून एक. टीमचं नाव मराठीत असतं, कोणी युनिकोडमध्ये (मोबाईलवर मराठी येतं तसं) टाईप करून पाठवतो, आमच्या डिझाईनवाल्याचं डिझाईनचं सॉफ्टवेअर, कोरलड्रॉ, जुनं, त्यात त्याचे जुने फॉन्ट, पेस्ट केलं की वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. "शिवाजी" चं "शवािजी" झालेलं मी या डोळ्यांनी बघितलंय, शिवाजी पेठेच्याच पोरांच्या जर्सीवर. जीव वाचला तो कापायच्या आधी दिसलं म्हणून. तर मराठी मजकूर डिझाईनवाल्याकडनं आला की त्याचा फोटो काढून दोन वेगळ्या माणसांना मोठ्यानं वाचायला लाव, त्यातला एक टीमचा पाहिजे.

---

पेठेतला_लेफ्टबॅक

बाबा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्याला नको म्हणून कळवलं, त्यानं दोन तासात ३८ चं २२ केलं, तरी नको म्हटलं.

लॅपटॉपवर लिब्रेऑफिस टाकलं, फुकट आहे आणि ४ जीबीवर एमएस ऑफिसपेक्षा हलकं चालतंय. तीन शीट केली, सरावाला म्हणून घरातल्याच वस्तू टाकून बघितल्या. आजीनं विचारलं पाटावरवंट्याला कोड कशाला. पण एक भानगड झालीय. शिनगार्ड आणि बारक्या पोरांच्या जर्सीला साईज वयात असते, ८-१०, १०-१२ अशी. मी ८-१० टाकलं की त्याची तारीखच होते, ८ ऑक्टोबर. १०-१२ चं १० डिसेंबर. परत मारलं तरी तेच. आणि बॉलच्या पुड्यावरचा बारकोड टाकला तर ८.९ असं कायतरी आणि पुढं ई. हे का होतंय?

---

व्हीनस_कॉर्नर_जुना

हाहाहा, १० डिसेंबर साईजची जर्सी माझ्याकडं बी होती.

भावा त्याला वाटतं तू तारीख मारतोयस. आकडे टाकायच्या आधी तो अख्खा खाना टेक्स्ट कर, मग टाईप कर. आधी मारून नंतर टेक्स्ट केलंस तर आत भलताच पाच आकडी नंबर दिसंल, मग पुसून परत मारायला लागतंय. नायतर सरळ "८ ते १०" लिही, भांडणच नको. बारकोडच्या खान्याला बी तेच, तेरा आकडे हायत, त्याला वाटतं मोठी रक्कम हाय म्हणून आखडून दाखवतो. टेक्स्ट केलं की सरळ दिसतो.

बारकोडचं निघालंच हाय तर, वायरवाला साधा स्कॅनर हजार-दीड हजारात येतो आणि त्याला कसलं सॉफ्टवेअर लागत नाय. यूएसबीला लावला की तो कीबोर्डसारखा वागतो, तू जिथं कर्सर ठेवशील तिथं आकडे टाईप करून एंटर मारतो, बास. मला हे कळंपर्यंत मी त्याला लय मोठं यंत्र समजायचो. पण स्टडला कंपनीचा बारकोड बऱ्याच खोक्यांवर नसतो, तिथं आपला कोड मार्करनं खोक्यावर मोठा लिही. मार्कर वीस रुपयाला मिळतो.

आणि अजून एक शीट कर, चौथं. त्याचं नाव माझ्याकडं "नाय म्हणालो" असं हाय. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपल्याकडं नव्हतं ते त्यात. तारीख, काय मागितलं, कितवा नंबर. विक्रीच्या शीटवरनं तुला फक्त तुझ्याकडं होतं तेच दिसतं, जे नव्हतं त्याचा हिशेब कुठंच नसतो. पण त्यात बी डोकं वापर. २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्रॉन्झ आणलं तवा महिनाभर माझ्याकडं रोज कोण ना कोण नेमबाजीचं सामान विचाराय यायचं, शीट भरलं नुसतं. मी फोन नंबर घेऊन ठेवलेवते म्हणून आणायच्या आधी वीस जणांना फोन केला. एकानं बी "हो आणा" म्हटलं नाय. माझे पैसे वाचले.

उलट २०२२ ला वर्ल्डकपला असं कायच केलं नाय. मी स्वतः ब्राझीलवाला, भावना मधे आल्या, पिवळ्या जर्सी शंभर उचलल्या. ९ डिसेंबरला क्रोएशियानं पेनल्टीवर घालवलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात चिटपाखरू नाय. अर्जेंटिनावाल्यांनी मात्र गुलाल उधळला. त्यातल्या काही पिवळ्या अजून माळ्यावर हायत, लागत असतील तर ने.

---

तांबडी_माती

बॉलचं कुणीच बोललं नाय म्हणून लिहितो. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅम आणि घेर ६८ ते ७० सेंटीमीटर असा नियम हाय. बारक्यांना चार नंबर द्यायचा, पाच नंबर त्यांना मोठा आणि जड पडतो. आमच्या ओळखीच्या एकानं उत्तरेकडनं स्वस्तात डझन बॉल मागवले, किचनच्या काट्यावर ठेवले तर बारापैकी पाच चारशेच्या आतच. हवा सगळ्यात सारखी भरूनच वजन केलंवतं. त्यानं काट्यावरचे फोटो आणि वजनाची यादी सप्लायरला पाठवली, मुकाट्यानं बदलून आले. नुसतं "बॉल हलके वाटतात" म्हणाला असता तर कुणी हिंग लावून विचारलं नसतं. तवा आवकेच्या शीटला बॉलसाठी वजनाचा खाना पाहिजेच.

---

कोथरूडकर_सध्या

माझं मत निम्मं मागे घेतो. वेबसाईट राहू दे. पण गुगल मॅपवर दुकानाची नोंद तरी कर, वेळ, फोटो आणि फोन टाकून, फुकट असते. बाहेरगावची टीम मॅचला आली आणि कुणाचा सोल सुटला तर तो पहिल्यांदा फोनमध्येच शोधणार. आणि व्हॉट्सअॅप बिझनेस घे, त्यात कॅटलॉगला ५०० पर्यंत वस्तू बसतात. ब्रॉडकास्ट (एकदम सगळ्यांना मेसेज) मात्र ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, २५६ जणांच्या यादीवर खूश होऊन बसू नकोस, पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाच्याच फोनमध्ये आपला नंबर सेव्ह करून घ्यायचा. पिवळी जर्सी एक मला, एक्सएल.

---

हिशेबवाली

स्वतःला एल समजतो म्हणालेवते ना वर कोणतरी. बगलेखालची रुंदी पाठवा.

---

पेठेतला_लेफ्टबॅक

अपडेट देतो, सांगितलेलं राहून जायला नको. रविवारी चालू केलं. नारळ आजीनं फोडला. पहिल्या आठवड्यात स्टडचे ११ जोड, सॉक्स बरेच, एक शाळेची जर्सीची चौकशी. "नाय म्हणालो" मध्ये सात ओळी, त्यातल्या चार कीपर ग्लोव्जच्या बारक्या साईजच्या, जे मी आणलेच नव्हते. मंडळाचा एक मोठा माणूस उधारीवर सहा बॉल मागत होता, त्याला लॅपटॉप दाखवून सांगितलं की यात उधारीचा खानाच नाही, केला तर सगळं चुकतंय. चाललं ते.

आता अडचण. शीट म्हणतंय टीएफ काळा ८ नंबर शून्य, ९ नंबर एक शिल्लक. कपाटात बघतोय तर ८ चं एक खोकं आहे आणि ९ चं खोकंच नाय. दोनदा मोजलं. एन्ट्र्या सगळ्या बरोबर वाटतात. फॉर्म्युला चुकला असेल काय?

---

व्हीनस_कॉर्नर_जुना

फॉर्म्युला सोड. खोकं उघड आणि बुटाच्या जिभेच्या आतला नंबर बघ. दोन्ही बुटांचा बघ.

---

पेठेतला_लेफ्टबॅक

डावा ८. उजवा ९.

---

व्हीनस_कॉर्नर_जुना

ट्रायलला चार खोकी एकदम उघडलीस आणि पोरं दोन होती. ९ चं खोकं तू ८ म्हणून लिहून दिलंस. आता जावकेत बघ, ८ नंबर त्या दिवशी कुणाच्या नावावर हाय, फोन असंल.

---

पेठेतला_लेफ्टबॅक

आहे. लावला फोन. पोरगं म्हणतंय, "दादा, उजवा जरा टाईटच होता, पण नवीन आहे म्हणून होत असेल असं वाटलं, दोन मॅच तसाच खेळलो." उद्या संध्याकाळी घेऊन येतोय.